राहायचं पाणी, प्यायचं पाणी

चैत्र अर्धा सरला होता. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंधरा-वीस दिवसांवर आलेली. लेकी माहेरच्या वाटेकडं डोळे लावून बसलेल्या, आणि जळगावची ताईबाई मात्र उलटी निघाली होती, माहेराकडून लेकीच्या घरी, धुळ्याला. मुलाच्या, भूषणच्या, गाडीत ती मागच्या सीटवर बसली होती. मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्यात जाड प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत थोडं खारं पाणी आणि बरीचशी हवा. त्या पाण्यात दीड हात लांबीची वाम, सापासारखी लांबट मासळी, वेटोळं करून पडली होती.

वाम म्हटलं की पाचोऱ्याकडच्या माणसाला गिरणा नदीतली वाम आठवते, चिखलाच्या रंगाची. ही तसली नव्हती. ही समुद्रातली. पांढऱ्या अंगावर काळी नक्षी, नक्षीत पिवळे ठिपके, नाकपुड्याही पिवळ्या, हळद लावल्यासारख्या. तीन वर्षांपूर्वी भूषणनं आणली तेव्हा बोटाएवढी होती. काळ्या खापरात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसं ते अंग बघून ताईबाईनं तिचं नाव लाही ठेवलं होतं.

भूषणचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळायच्या आणि घरी आलं की पुढच्या खोलीतल्या पाच फुटी काचेपाशी बसायचं, हा त्याचा छंद. त्या काचेत त्यानं समुद्र मांडला होता. खारं पाणी, लाटा उठवणारे पंप, दगड, दगडांवर हळूहळू वाढणारी जिवंत पोवळी. गावाकडून मुलाच्या घरी राहायला आलेल्या ताईबाईला आधी ते सगळं देखाव्यासारखं वाटायचं, गणपतीत मांडतात तसं. मग लाही आली. दुपारी घर निजलं की दगडाच्या फटीतून पिवळं नाक बाहेर यायचं. तिला दिसायचं कमी, वासावर चालायची. घरात अंडं फुटू न देणारी ताईबाई लांब चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून, तोंड भिंतीकडं करून उभी राहायला लागली. सुनेनं, ज्योतीनं, एकदा हसून विचारलं होतं, की आई, हे तुम्हाला चालतं कसं? ताईबाई म्हणाली होती, की मी कुठं खाते, खाणारी ती, आणि मी तर बघतही नाही.

पण लाही वाढली. आधी तिनं काच साफ ठेवणाऱ्या झिंग्यांचा फडशा पाडला, मग खेकडे गेले. फटीतून फिरताना दगड हलायचे, पोवळी उपडी पडायची. सहा वर्षं जपलेलं एक जांभळं पोवळं असंच दगडाखाली चिरडलं, तेव्हा भूषणनं ठरवलं, की हिला दुसरं घर बघायचं. तिची चूक नव्हती. वाम वामेसारखी वागली होती. घर तिच्या मापाचं नव्हतं, एवढंच.

हायवेवर सोनगीरजवळ हॉटेल चालवणारा एक जण लगेच घ्यायला तयार झाला. ताईबाईनं हट्ट धरला, की मी घर बघून येईन. भूषण तिला घेऊन गेला. हॉटेलात दाराशीच काच मांडलेली, वर लाल-निळे दिवे, शेजारी गाणी वाजवणारा डबा, आणि आतल्या माशांना जागं करायला गिऱ्हाईकांची पोरं चमच्यानं काच वाजवत होती. ताईबाईनं मालकाला एकच विचारलं, की दुपारी हिच्यापाशी कोण बसेल. मालकाला प्रश्नच कळला नाही. परतताना ती भूषणला म्हणाली, "पोर देतांना बी घर देखतस ना? हाई तं मुकं जनावर शे."

त्याच आठवड्यात धुळ्याहून नूतनचा फोन आला. नूतन भूषणची मोठी बहीण, वय त्रेचाळीस, शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. ती म्हणाली, की मला दे. भूषणनं फाल्गुनातच तिच्याकडं चार फुटी काच नेऊन बसवली, स्वतःकडचे दगड दिले, पाण्यात मीठ कालवून दिलं आणि महिनाभर ते पाणी मुरू दिलं. हे घर कसं आहे ते बघायला ताईबाई गेली नाही. लेकीचंच घर ते, त्यात काय बघायचं, असं ती म्हणाली.

खरं कारण दुसरं होतं आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ताईबाई लेकीच्या घरचं पाणी पीत नव्हती.

तिच्या आईनं तिला सांगितलेलं, आईला तिच्या आईनं. लेकीच्या घरी पाळणा हलेपर्यंत आईनं त्या घरचा दाणा खायचा नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. नूतनच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. एकवीस वर्षांत ताईबाई सणावाराला, आजारपणाला, नूतनच्या नणंदेच्या लग्नाला धुळ्याला आली, आणि दरवेळी सोबत स्वतःची बाटली घेऊन आली. बाटली संपली, की तिची परतीची गाडी असायची. नूतन सुरुवातीला तांब्या पुढं करायची. मग करेनाशी झाली. माय आली की ती माठावर झाकण नीट बसवून ठेवायची, आपला माठच आपण लपवल्यासारखं.

आताही गाडीच्या डिकीत ताईबाईचा पाण्याचा कॅन होता, भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ होतं, चटणीचा डबा होता. तिचा बेत संध्याकाळी परत फिरायचा होता.

वाटेतलं पारोळा मागं पडलं तसं ऊन वाढलं. डब्याचं झाकण किलकिलं करून ताईबाई आत बघायची आणि पुटपुटायची. जात्यावर बसलेली बाई जसं सुचेल तसं जोडत जाते, तसं तिनं जळगावकडच्या गिरणेपासून धुळ्याच्या पांझरेपर्यंतचं एक कडवं जोडलं:

लेक निंघनी निंघनी, गिरनाकाठ सोडीसन,
पांझराना घर उनी, पान्याले पानी जोडीसन.

पान्याले पानी जोडायचं काम धुळ्यात पोचल्यावर दोन तास चाललं. भूषणनं पिशवीतलं पाणी लाहीसकट बादलीत ओतलं आणि नव्या टाकीतून एक बारीक नळी त्यात सोडली. थेंब, थेंब, थेंब. एकदम नव्या पाण्यात सोडलं तर अंगाला झटका बसतो, म्हणाला, जुन्यात नवं सावकाश मिसळू द्यायचं. ताईबाई बादलीशी उकिडवी बसून राहिली. तिला ते पटलं.

जाताना भूषणनं जळगावच्या खाऱ्या पाण्याचे दोन मोठे जार कोपऱ्यात ठेवले, काही बिघडलंच तर पाणी बदलायला. काचेवर चिकटपट्टीची रेघ मारली आणि नूतनला समजावलं, की अक्का, उन्हाळा आहे, वर पंखा लावलाय, रोज पाच-सहा लिटर पाणी उडून जाईल. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागंच राहतं. म्हणून रोज गाळलेलं गोडं पाणीच रेघेपर्यंत घालायचं. तेव्हा ताईबाई आत पिठाचा डबा लावत होती. तिच्या कानावर यातलं काही पडलं नाही.

लाहीला टाकीत सोडलं. ती सरळ दगडाखाली शिरली आणि बाहेर आली नाही. ताईबाईनं चिमटा धरला, नाक दिसलं नाही. मग ताईबाई म्हणाली, की आज काही मी जात नाही. अनोळखी घरात ही उपाशी असताना कशी जाऊ?

अशी ती राहिली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. लाही खाईना, ताईबाई जाईना. आपल्या पिठाची भाकर आपल्या पाण्यात मळायची, आपल्या चटणीशी खायची. कॅन संपला. नूतनचा नवरा ज्ञानेश्वर एसटीत कंडक्टर, त्याची ड्यूटी धुळे-जळगाव. कॅन संपत आला, की उरलेलं ताईबाई बाटलीत काढून घ्यायची, रिकामा कॅन तो सकाळी घेऊन जायचा, भूषण स्टँडवर भरून द्यायचा, संध्याकाळी तो परत यायचा. ज्या घरचं पाणी सासू पीत नव्हती त्याच घरचा जावई तिचं पाणी नव्वद किलोमीटरवरून आणत होता. त्यानं वाईट वाटून घेतलं नाही, निदान दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी कॅन ठेवताना म्हणाला, "मामी, आज गर्दी फार. तुमचं पाणी खिडकीशी बसून आलं, मी उभा." ताईबाई पदरात हसली. नूतन हसली नाही. ती भांडी घासत राहिली.

शाळा सकाळची होती. नूतन सहालाच निघायची. रात्री गाळलेल्या पाण्याची बादली भरून ठेवायची आणि मायला सांगायची, की सकाळी रेघेपर्यंत पाणी घाल. ताईबाई हो म्हणायची. दुपारी नूतन येऊन बघायची, पाणी बरोबर रेघेला टेकलेलं असायचं, बादली रिकामी असायची. पाळीव प्राण्यानं घर बदललं की काही दिवस खात नाही, हे भूषणनं सांगून ठेवलेलं. तिनं काळजी केली नाही.

सहाव्या दिवशी लाही स्वतःहून बाहेर आली. पण ते येणं बरं नव्हतं. ती वाळूवर आडवी पडली होती आणि तोंड उघडमीट उघडमीट करत होती. वाम तोंड उघडमिटूनच श्वास घेते, ताईबाईला ते पाठ होतं. पण इतकं भराभर तिनं कधी पाहिलं नव्हतं. नूतन शाळेतून येऊन अजून टेकलीही नव्हती. ताईबाईनं तिला हाताला धरून काचेपाशी नेलं.

नूतननं कपाटातून खारटपणा मोजायचं नळकांडं काढलं. त्याच्या काचेवर टाकीतला एक थेंब ठेवला, उजेडाकडं धरून डोळा लावला. पुसून पुन्हा बघितलं. मीठ फार चढलं होतं. सहा दिवस गोडं पाणी घातल्यावर असं होणं शक्य नव्हतं. ती उभी राहून विचार करत राहिली, मग कोपऱ्यात गेली आणि जार हलवला. हलका. दुसरा हलवला. तोही हलका.

"माय, हाई पानी कोनी टाकं?"

"मी टाकं."

"दोन्ही जार? आनि बादलीनं पानी?"

बादलीतलं पाणी ताईबाईनं रोज तुळशीला आणि दारच्या कढीपत्त्याला घातलं होतं. ती तसं म्हणाली. चोरी केल्यासारखा तिचा आवाज नव्हता, काम सांगितल्यासारखा होता.

नूतननं विचारलं, "काबरं?"

"ती माहेरनी शे. तिले आठलं पानी कसं देवानं?"

इथलं पाणी नको म्हणून! नूतन खाली बसली. वरचा पंखा पाण्यावर फिरत होता, पाण्याला बारीक सुरकुत्या पडत होत्या. तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि तिला हसू आलं, ते चांगलं हसू नव्हतं. ती म्हणाली, "माय, हाई बठ्ठी टाकी मन्हा घरना पानीनी भरेल शे. भूषणनी आठेच पानी लिधं, त्यामा मीठ टाकं. मंग?"

ताईबाईनं यावर विचार केलेला होता. ती शांतपणे म्हणाली, "ते ऱ्हावानं पानी. रोजनं जे टाकतस ते पेवानं."

लेकीच्या घरात राहिलं तर चालतं. तिथं निजलं, बसलं, उठलं तर चालतं. प्यायचं नाही. एकवीस वर्षं ताईबाईनं जी रेघ स्वतःभोवती ओढली होती, तीच तिनं एका मुक्या वामेभोवतीही ओढली होती, मायेनं, नेमानं, रोज सकाळी सहा-सव्वासहाला. आणि त्या मायेचं मीठ पाण्यात साचत गेलं होतं.

नूतननं रिकामा जार भिंतीला सरकवून ठेवला. मग तिनं जे विचारलं ते तिनं कधीच विचारलं नव्हतं. तांब्या परत जायचा तेव्हाही नाही, माठावर झाकण बसवताना नाही.

"मन्हा घरनं पानी वाईट शे का, माय?"

ताईबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी सांडल्यासारखं झालं. वाईट? कोण म्हणालं वाईट? तिनं पाणी टाळलं ते वाईट म्हणून थोडंच? तिला वाटायचं, आपण आपला नेम सोडला तर त्याचा अर्थ होईल, की आता काही होणार नाही. आपण एक घोट घेतला की दार लागलं. म्हणून ती तहान धरून बसायची. दर खेपेची बाटली म्हणजे देवाला दिलेली आठवण होती, की अजून बाकी आहे, हे घर अजून बाकी आहे. हे तिनं तुटक तुटक सांगितलं, लाहीकडं बघत, नूतनकडं न बघता. तिला वाटायचं नूतनला हे कळतच असेल.

नूतनला हे कळलेलं नव्हतं. तिला वाटायचं, माय दर खेपेला बाटली आणून तिला आठवण करून देते, की तुझं घर रिकामं. दोघी एकाच बाटलीकडं एकवीस वर्षं बघत होत्या.

नूतनचे डोळे भरले नाहीत. ती रडायची वर्षं मागं पडली होती; मुलाची आस तिनं केव्हाच उतरवून ठेवली होती. ती हळू म्हणाली, "मी तं ती आस कव्हयनी खाले ठी दिधी. तू एकलीच डोकावर लई फिरी ऱ्हायनी."

मग ती उठली आणि भूषणला फोन लावला.

भूषण म्हणाला, की घाईनं काही करू नका. चढलेलं मीठ सावकाश उतरवायचं. दर अर्ध्या तासाला एक लोटा खारं पाणी काढा, एक लोटा गोडं घाला. दोन दिवस. वाचेल का, या प्रश्नावर तो म्हणाला, बघू. संध्याकाळपासून नूतननं काढ-घाल सुरू केली. ताईबाई बाजूला बसून राहिली. तिच्या हाताला काम नव्हतं, आणि कुणी द्यावं असं म्हणायला तोंड नव्हतं. त्या रात्री तिनं भाकर टाकली नाही.

सकाळी शाळेत प्रात्यक्षिक परीक्षा होती. नूतनला रजा मिळण्यासारखी नव्हती. निघताना तिनं गाळलेल्या पाण्याची घागर टाकीशेजारी ठेवली, वर लोटा उपडा घातला. घड्याळ मायला दिसेल असं फिरवून ठेवलं. ज्ञानेश्वर दाराशी बूट घालत होता. त्यानं सवयीनं रिकामा कॅन उचलला आणि गेला.

घरात ताईबाई आणि लाही उरल्या.

साडेसहाला ताईबाईनं लोटा सरळ केला. आधी टाकीतलं एक लोटा पाणी काढून मोरीत ओतलं. मग घागरीत लोटा बुडवला. गार पाणी मनगटाला लागलं. नूतनच्या घरच्या प्यायच्या पाण्यात तिनं पहिल्यांदाच हात घातला होता. भरलेला लोटा तिनं काचेच्या काठावर टेकवला आणि धार अगदी बारीक सोडली, बाळाच्या टाळूवर तेल सोडतात तशी. लाहीनं अंग हलवलं नाही.

सात. साडेसात. आठ. मधल्या वेळात ताईबाईनं खोली झाडली, दारचा कढीपत्ता बघितला. सहा दिवस गाळलेलं पाणी पिऊन त्याला नवी पालवी फुटली होती. ती परत येऊन बसली. नऊ वाजता तिला वाटलं लाहीचं तोंड जरा सावकाश मिटतंय. साडेनऊला वाटलं, नाही, तसंच आहे. ऊन खिडकीशी आलं. आपल्या जळगावच्या पाण्याचा शेवटचा पेला तिनं काल दुपारीच संपवला होता, आणि नवा कॅन संध्याकाळशिवाय येणार नव्हता. हे तिला सकाळीच ठाऊक होतं. ज्ञानेश्वर निघाला तेव्हाच. शेजारी जाऊन मागता आलं असतं, एकवीस वर्षांत दोन-तीनदा तिनं तसं केलंही होतं. पण अर्ध्या तासाला लोटा घालायचा असताना उठून शेजारी जाऊन बसायचं, गप्पा करायच्या, हे तिला नको वाटलं. तिच्या ओठांना कोरड पडली. ती घड्याळाकडं बघत राहिली.

नूतन साडेबाराच्या उन्हात घरी आली. चपला दाराशी काढल्या, पर्स खुंटीला लावली. माय टाकीशी उभी होती, पाठमोरी, लोटा हातात. नूतन मोरीत गेली, तोंडावर पाणी मारलं आणि तिथूनच विचारलं:

"साडेबारानं पानी टाकं का?"

"टाकं."

"कितलं?"

"अर्धा लोटा. मांगे जास्ती पडेल व्हतं, रेघेले टेकी गयं."

नूतननं नळ बंद केला. टॉवेल हातात घेऊन ती दारात आली. मोरीत अर्धा लोटा ओतल्याचा आवाज झाला नव्हता, परत घागरीत ओतल्याचाही नव्हता.

"नी अर्धं?"

ताईबाई लोटा पालथा घालत होती. पदरानं तिनं ओठ पुसले.

"अर्धं मी पिधं," ती म्हणाली, आणि घड्याळाकडं बघून पुढचा लोटा कधी ते मोजू लागली.

लाहीनं कोळंबीचा तुकडा घेतला तो त्यानंतर तिसऱ्या दिवशी, नूतनच्या हातून. तोंड भिंतीकडं करून ताईबाई तिथंच उभी होती. तिनं विचारलं, की खाल्लं का. नूतन म्हणाली, मागं फिरून बघ की. आणि ताईबाईनं बघितलं.